मिठाचं पाणी

वास आधी आला. खांबांवर उभ्या केलेल्या खुराड्याची फळी येलेमियाने सरकवली आणि आत उंदीर मेला असावा म्हणून हात घालून चाचपून पाहिलं. उंदीर नव्हता. तांबडी कोंबडी कोपऱ्यात पंख पाडून उभी होती. मान आत ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले, शेपूट खाली. एरवी फळी सरकली की ती लगेच बाहेर उडी मारायची. आज तिला उचलून काढावं लागलं.

उजेडात आणून त्याने तिला काखेत उलटी धरली. शेपटाखाली विष्ठा वाळून मडक्याच्या खापरीसारखी चिकटली होती, आणि त्या खापरीच्या कडेची पिसं हलत होती. वारा अजिबात नव्हता. त्याने बोटाने खापरी जरा उचलली. खाली कातडं उरलंच नव्हतं. लाल, ओल्या मांसात तांदळाच्या कणीसारखे किडे वळवळत होते, आणि उजेड लागताच ते आणखी आत शिरू लागले.

"तिसुंगे!" त्याने हाक मारली. "ए पोरी, पळ लौकर!"

तिसुंगे परसातून हातात भोपळ्याच्या पाल्याची जुडी घेऊन आली. तिने पाहिलं आणि जुडी तोंडावर दाबली.

"आई गं! बाबा, जित्ती हाय न्हवं?"

"हाय. अजून हाय."

"ही तर माजी कोंबडी."

"म्हनून तर बोलावलं तुला."

दोन दिवसांपूर्वीच त्याला तिची मागची पिसं घाण झालेली दिसली होती. पाऊस झोडपत होता, घरात पीठ संपून कोंड्यावर दिवस निघत होते, आणि माणसांनी खाऊन उरलेला आंबट ओला कोंडा कोंबडीला जात होता. तिचं पोट बिघडणारच. धुऊ उद्या, असं म्हणून तो मक्यात कुदळ मारायला गेला होता. माश्यांना उद्या ठाऊक नसतो. त्याचं त्यालाच इतकं वाईट वाटलं की त्याने स्वतःला एक शिवी घातली.

दुसरी कुठली कोंबडी असती तर तो मान मुरगळून मोकळा झाला असता. पण कोरड्या दिवसांत मानमोडी आली आणि गाव झाडून घेऊन गेली. खुराडीच्या खुराडी ओस पडली. त्याच्या मेव्हण्याच्या, मिकेयासीच्या दारात तर पिसांचा ढीग जाळावा लागला. ही एक वाचली, कारण रोगाची कुणकुण लागताच येलेमियाने तिला घरात स्वतःच्या चटईच्या पायथ्याशी बांधून ठेवली होती. बायको फालेसी तेव्हा म्हणाली होती, "मला कदी एवडं जपलं न्हाई." आता तिसुंगेचं चिंखोस्वे ठरलं होतं. मुलाकडचे कोंबडा घेऊन येणार, मुलीकडच्यांनी कोंबडी द्यायची, दोन्हीकडच्या मामांनी ती हातोहात बदलायची, की झालं लग्न. कोंबडी नाही तर लग्न नाही, नुसतंच एकत्र राहणं. मग पोरीला आयुष्यभर कुणीही काहीही बोलावं.

ही कोंबडी द्यायची मामाने. बाप मागच्या चटईवर बसतो आणि काही बोलत नाही, ही इथली रीत. येलेमिया बायकोच्या गावी येऊन राहिला तेव्हा तिसुंगे पोटात होती. तेव्हापासून तो या गावची माती उकरत होता, सासूच्या कणग्या भरत होता, तिचं छप्पर शाकारत होता. पण पोरं बायकोच्या घराण्याची, घराण्याचा कर्ता मिकेयासी, आणि पोरींचा शब्दही त्याचाच. यंदा मात्र मिकेयासीचं खुराडं रिकामं होतं. त्याला स्वतः उठून दाजींच्या अंगणात यावं लागलं आणि चार माणसांदेखत बोलावं लागलं: "दाजी, तुमची तांबडी द्या. पाव्हन्यांसमोर सांगीन, ही पोरीच्या बापानं वाडवल्याली हाय."

येलेमिया त्या रात्री झोपला नव्हता. एवढ्या वर्षांत त्याचं नाव कुणी लग्नाच्या चटईवर घेणार होतं ते हे पहिल्यांदाच.

"मीठ किती हाय?" त्याने फालेसीला विचारलं.

"भाजीपुरतं."

"दे सगळं."

"आन् भाजी?"

"आळनी खाऊ."

फालेसीने त्याच्याकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, आणि मिठाची पुडी चुलीवरच्या कोनाड्यातून काढून त्याच्या हातावर आदळली. ती रागावली नव्हती. घरात काही द्यायचं झालं की ती असंच आदळायची.

पाणी कोमट केलं. तिसुंगे खाली बसली, मांडीवर पोतं टाकून तिने कोंबडीचं डोकं काखेत दाबलं आणि पाय मुठीत धरले. येलेमियाने दाढीच्या पात्याने आधी पिसं कापली, मुळापासून, ऐसपैस, जखमेच्या चारी बाजूंनी. मग खापरीवर खारट पाणी सोडत राहिला. ओढून काढली असती तर तिच्याबरोबर मांस आलं असतं. ती भिजून सुटली तसा असा भपकारा आला की तिसुंगेने मान फिरवून कोरड्या ओकाऱ्या दिल्या, पण हात सोडले नाहीत.

"धर. सोडू नको."

"धरलीया, बाबा. तुमी बोलू नका, तुमी काडा."

पाण्याच्या धारेबरोबर किडे वर आले आणि वाहून टिनच्या डब्यात पडले. जे आत होते ते त्याने बाभळीच्या काट्याच्या बोथट बाजूने एकेक करून बाहेर ओढले. एका ठिकाणी भोक इतकं खोल होतं की काटा अर्धा आत गेला. कोंबडी ओरडली नाही, फक्त तिचे पाय तिसुंगेच्या मुठीत पुन्हा पुन्हा ताठ होत होते. येलेमियाची आई शेळ्यांच्या जखमा अशाच धूत असे. धुवायचं, वाट बघायची, पुन्हा धुवायचं, कारण पहिल्या वेळी सगळे कधीच निघत नाहीत. माश्यांची पांढरी अंडी पिसांच्या मुळाशी कोंड्यासारखी लागली होती. ती त्याने नखाने खरवडली. फालेसीने डबा नेऊन चुलीत ओतला तेव्हा आत तडतड झाली.

"आता हिला माश्या न्हाईत अशा जागी ठेवाया पायजे," तो म्हणाला. "धूर पायजे दिसभर."

त्यांच्या स्वयंपाकाच्या झोपडीचं छप्पर पावसाने बसलं होतं. चूल घरातल्या कोपऱ्यात कशीबशी पेटायची. दिवसभर धूर असणारं छप्पर एकच होतं, अंगणापलीकडचं. सासूचं.

येलेमियाने सासूचा, नाफिरीचा, चेहरा नीट असा कधी पाहिला नव्हता. ती वाटेत समोरून आली तर तो मक्यात उतरून पाठ करून उभा राही. ती त्याच्या अंगणात येताना दुरूनच खोकत असे. जावई आणि सासू एका छपराखाली येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एकमेकांना स्पर्श तर मेल्यावरही नाही. तिला काही सांगायचं तर फालेसीकडून, फालेसी नसली तर पोरीकडून.

"मी नेऊन ठिवते," तिसुंगे म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ धुवाया हितं आनीन."

तसंच सुरू झालं. पोर कोंबडी टोपलीखाली झाकून आजीच्या चुलीशी ठेवी आणि धुवायच्या वेळी बापाकडे आणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा किडे निघाले, पण बारीक. त्यानंतर थोडे. मग एका सकाळी पाणी स्वच्छच खाली पडलं. मांस गुलाबी दिसू लागलं, कडेने सुकू लागलं, आणि कोंबडीने तिसुंगेच्या पायाच्या बोटावर चोच मारली तेव्हा बापलेक दोघंही हसली. घरात आळणी भाजी चालली होती. फालेसी पानात वाढताना रोज म्हणायची, "घ्या, कोंबडीनं खाऊन उरल्यालं."

मिकेयासी एकदा बघायला आला. खांद्यावर कोट, पायात चिखलाने भरलेले बूट. येलेमिया गुडघ्यावर बसून जखमेवर पाणी सोडत होता.

"काय दाजी! कोंबडीचं ढुंगान धुताय व्हय? आमच्या भैनीनं नवरा बाकी झ्याक निवडला."

बरोबरची माणसं खो खो हसली. येलेमियाने मान खाली घातली आणि तोही थोडा हसला. न हसून सांगतो कुणाला.

"बरी हुतीया, मामा. पाव्हनं यायच्या आत उभी ऱ्हाती बगा."

"ऱ्हायाच पायजे. मी शब्द दिलाय. न्हाई ऱ्हायली तर कुदळ उचला, चटई उचला, आन् तुमच्या आईच्या गावाची वाट धरा." मिकेयासी हसत हसतच बोलला. पण या गावातून कितीतरी जावई हसत हसतच वाटेला लावले गेले होते, आणि त्यांची पोरं इथेच राहिली होती.

ते गेल्यावर तिसुंगे म्हणाली, "मामा चेष्टा करत्यात."

"व्हय. चेष्टाच."

त्यानंतरच्या दिवशी फालेसी आणि तिसुंगे खालच्या ओढ्याकाठी घुशी आणि खेकडे शोधायला गेल्या होत्या, कारण घरात कोंडाही संपत आला होता. येलेमिया छपराची गवताची पेंढी बांधत होता. सासूच्या झोपडीतून धूर येत होता, तसाच रोज यायचा. पण आज त्यात दुसरा वास होता. तो पेंढी सोडून उभा राहिला. तंबाखू. उकळती तंबाखू.

त्याला कळायला वेळ लागला नाही. या मुलखात ज्याच्या त्याच्या आढ्याला जुनी तंबाखूची पानं टांगलेली असतात. शेळ्यांच्या पिसवांवर, पोरांच्या उवांवर, मक्याच्या किडीवर तंबाखूचंच पाणी. धडधाकट कातड्यावर ते चालतं. उघड्या मांसावर चालत नाही. तरुणपणी तंबाखूच्या मळ्यावर त्याच्या हाताला कोयता लागला होता आणि ओली पानं बांधत तो तसाच काम करत राहिला होता. दुपारपर्यंत ओकून ओकून त्याच्या तोंडातून हिरवं पाणी आलं, पाय कापायला लागले, आणि त्याला बैलगाडीतून घरी आणावं लागलं. तो माणूस होता. ही तर मुठीएवढी कोंबडी.

तो सासूच्या दारापासून थोड्या अंतरावर जाऊन उभा राहिला आणि आल्याची वर्दी म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. दारात शेळी बांधली होती. तो शेळीकडे तोंड करून मोठ्याने बोलू लागला.

"अगं शेळे, कुनी कोंबडीला तंबाकूचं पानी लावत असंल तर लावू नगं म्हनावं. जखम उगडी हाय. इख चडंल."

आतून उत्तर आलं. तेही शेळीलाच होतं.

"शेळे, तुज्या धन्याला सांग, पाव्हनं उंबऱ्यावर आलं आन् ह्याचं अजून धुनंच चालू हाय. मी माजी पोरं, शेळ्या, सगळी तंबाकूनंच वाचवली. घटकाभरात किडं मरत्यात."

"शेळे, किडं मेल्यात गं! एक बी न्हाई ऱ्हायला!"

"मंग काल रातच्याला मी बोटानं काडला तो काय तुज्या बापाचा व्हता?"

येलेमिया थबकला. एखादा राहिला असेल. राहतोच एखादा. "शेळे, एक न्हाई, धा निगू दे, मिठानं निगत्यात. तंबाकू नगं. पाया पडतो."

आत मडक्याचा आवाज झाला. दाराच्या चौकटीतून त्याला अर्धंच दिसत होतं: टोपली उलटी पडलेली, म्हातारीच्या गुडघ्याखाली दाबलेली तांबडी पिसं, आणि काळसर पाण्याचं वाफाळतं भोपळ्याचं भांडं. त्याने ओढ्याच्या दिशेने तोंड करून फालेसीला हाक मारली. पुन्हा मारली. पोरीला मारली. शेजारच्या अंगणात कुणीच नव्हतं. सगळं गाव खायला शोधत पांगलं होतं. म्हातारीने भांडं कलतं केलं आणि पहिली धार सांडली. कोंबडी किंचाळली. एवढ्या दिवसांत काट्याने खोदताना तिने आवाज काढला नव्हता.

येलेमिया शेळीवरून उडी मारून आत गेला आणि त्याने सासूचं मनगट धरलं.

मनगट अगदी बारीक होतं, आणि गरम. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या एका डोळ्यावर पांढरा सारा चढलेला होता, हे त्याला इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं. मग भांडं पडलं, कढत पाणी त्याच्या पायावर सांडलं, आणि म्हातारीने अंगावरचं फडकं डोक्यावरून ओढून घेतलं आणि गळा काढला. मयताला काढतात तसा.

तो कोंबडी घेऊन पळाला. आपल्या अंगणातल्या रांजणात त्याने तिला मानेपर्यंत बुडवली, काढली, पुन्हा बुडवली. तिची मान लोंबत होती, पाय तारेसारखे ताणले होते, चोचीतून फेस येत होता. तो तिच्या मागच्या भागावर साधं पाणी ओतत राहिला, आणि स्वतःच्या भाजलेल्या पायाची त्याला आठवणही झाली नाही. ओढ्यावरून मायलेकी धावत आल्या तेव्हा तो चिखलात बसून कोंबडीला पोटाशी धरून होता, आणि पलीकडून म्हातारीचा आवाज चालूच होता.

"काय केलंत वो तुमी?" फालेसी म्हणाली. "काय केलंत?"

दुपार कलली तशी कोंबडीने मान उचलली. पाण्यात बुडवलेलं बोट तिने चोचीत घेतलं. तिसुंगे रडायला लागली.

निवाडा मिकेयासीच्या दारातल्या अंजिराच्या झाडाखाली झाला. म्हातारी बायकांच्या चटईवर फडक्यात गुंडाळून बसली होती आणि मधून मधून एकच वाक्य म्हणत होती: "माज्या हाताला हात लावला." तिचं खोटं नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. येलेमियाने सगळं सांगितलं, तंबाखूचं, विषाचं, हाका मारल्याचं.

"आमाला कोंबडीचं सांगू नगा," एक म्हातारा म्हणाला. "सासूचं सांगा. आत गेलासा का न्हाई?"

"गेलो."

"धरली का न्हाई?"

"धरली."

"मंग झालं की."

मिकेयासीने कोट नीट केला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"दाजी, रीत तुमाला ठाव हाय. आईचं तोंड धुवाया एक कोंबडी द्याया लागती. जित्ती, मादी. न्हाईतर चटई उचला."

"मामा, माज्याकडं एकच हाय."

"एकच मागितलीया."

कुणी तरी हसलं. येलेमियाने फालेसीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. "मंग पोरीच्या चिंखोस्वेचं काय?"

"त्याची काळजी तुमी कशाला करताय?" मिकेयासी म्हणाला. "कोंबडी आईची झाली. आई नातीला दील. पोरीचं काम न्हाई अडनार." मग जरा थांबून, जणू आत्ताच सुचलं तसं: "नाव मात्र आईचं घ्याया लागंल. जिची कोंबडी तिचं नाव."

येलेमियाला सगळ्यांदेखत ओरडावंसं वाटलं. ओरडून काय सांगणार होता? त्याने दोन्ही हात जोडून हलक्या टाळ्या वाजवल्या, म्हणजे मान्य आहे, आणि निवाडा संपला.

पाहुणे यायच्या सकाळी तिसुंगे कोंबडी घेऊन त्याच्याकडे आली. मालक बदलला तरी जखम तीच होती. फालेसीने कुठून तरी मीठ मागून आणलं होतं. किडे नव्हते, वरून पातळ, चकचकीत कातडं धरलं होतं. त्याने तरी धुतलं.

"पोरी, पाव्हनं इचारत्यात, कोंबडी कुनी वाडवली. तुलाच इचारत्यात, ठाव हाय न्हवं?"

"हाय."

"आजीनं, म्हनायचं."

"मी न्हाई म्हननार."

"तिसुंगे."

"खोटं हाय ते. माज्या मांडीवर किडं पडलं, बाबा. मी सांगनार, माज्या बापानं वाडवली. करू द्या मामाला काय करायचं ते."

"पाव्हन्यांसमोर तंटा झाला तर ते कोंबडा घेऊन माघारी जातील. मंग तू काय करशील? आजीनं, म्हन. बापाचं ऐक एवडं."

तिसुंगे कोंबडी टोपलीत घालून ओठ घट्ट मिटून निघून गेली. येलेमिया तिच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत राहिला. त्याला भीती वाटत होती आणि त्या भीतीच्या खाली कुठेतरी, लाज वाटावी असा, आनंदही होत होता. पोर त्याच्यावर गेली होती. पोर बोलणार होती.

मुलाकडचे चिखल तुडवत आले. चटया टाकल्या होत्या; येलेमिया सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, भाजलेल्या पायाला केळीचं पान बांधून बसला. मुलाच्या मामाने काळा कोंबडा पुढे ठेवला. मिकेयासीने तांबडी पुढे ठेवली. मुलाचा मामा म्हातारा आणि चौकस होता. त्याने कोंबडी उचलली, वजन पाहिलं, शेपूट वर करून बघितलं, आणि ते गुलाबी उघडं कातडं बघून भुवया उंचावल्या.

"हिला किडं पडलं व्हतं."

मिकेयासी एकदम ताठ झाला. "आता बरी हाय."

"बरी हाय म्हनूनच म्हनतो. अशी किड्यातनं काडल्याली कोंबडी मी न्हाई बगितली. माज्या घरच्या दोन मेल्या यंदा." त्याने कोंबडी खाली ठेवून तिसुंगेकडे पाहिलं. "पोरी, कुनी वाडवली ही? ज्यानं वाडवली त्याच्या घरातनं सून न्यायला आवडंल आमाला."

बापाचं नाव घेऊ नको, असं येलेमियाला मनात म्हणायचं होतं, पण मनात भलतंच चाललं होतं. तिसुंगेने वर पाहिलं. तिने मामाकडे पाहिलं नाही, मागच्या चटईकडेही पाहिलं नाही. समोरच्या म्हाताऱ्याकडे सरळ बघत ती स्वच्छ आवाजात बोलली.

"माज्या आजीनं."

"शाबास तिची," म्हातारा म्हणाला, आणि दोन्ही बाजूंच्या चटयांवरून टाळ्या वाजल्या. बायकांनी आनंदाने आरोळ्या दिल्या. फडक्यातल्या नाफिरीला दोघी-तिघींनी मिठ्या मारल्या. कोंबडा इकडे आला, कोंबडी तिकडे गेली, आणि तिसुंगेचं लग्न झालं.

येलेमियाही टाळ्या वाजवत होता. पोरीने अगदी त्याने सांगितलं तेच सांगितलं होतं, शहाण्यासारखं, आणि त्यामुळे सगळं नीट पार पडलं होतं. तरी त्याला राहून राहून वाटत होतं, बोलताना एकदा तरी ती अडखळायला हवी होती.